घरच्या साबणाचे अर्थशौच

धुण्याचा साबण घरी करण्यामागे बहुधा पैसे वाचवण्याचा हेतू असतो. ही बचत निव्वळ व्यवहाराची बाब मानली जाते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मात्र कपड्यांची स्वच्छता आणि पैशाची स्वच्छता जवळजवळच आल्या आहेत. रेशीम व लोकर खाऱ्या मातीने, कांबळी रिठ्यांनी, जवसाच्या धाग्याची वस्त्रे पांढऱ्या मोहरीने धुवावीत, असा तपशील तिथे आहे. त्याच्या थोडे आधी सर्व शुद्धींमध्ये अर्थशौच, म्हणजे धनाच्या व्यवहारातील शुद्धी, श्रेष्ठ ठरवली आहे. माती-पाण्याने येणारी शुद्धी तिच्यापुढे गौण मानली आहे. या कसोटीवर घरच्या साबणातून वाचणारा पैसा शुद्ध ठरतो काय, हा प्रश्न रास्त आहे.

त्यासाठी तो पैसा नेमका कुठून वाचतो, ते पाहावे लागते. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण व ग्लिसरीन तयार होते. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक पुरतो, त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा तेलाचाच असतो. दुकानातून नवे खाद्यतेल आणून साबण केला, तर हाती फारसे काही लागत नाही. कारखान्याला तेल घाऊक भावात मिळते, शिवाय ग्लिसरीन वेगळे काढून विकता येते. घरात खरी बचत होते ती तळणाचे उरलेले तेल गाळून वापरल्यावर. ही बचत निर्दोष म्हणावी लागेल. मोरीत ओतले गेले असते ते उपयोगी पडते आणि त्यात कोणाचे काही हिरावले जात नाही.

बचतीचा दुसरा स्रोत श्रमाचा आहे, आणि अडचण तिथेच सुरू होते. कॉस्टिक थोडा थोडा पाण्यात सोडावा लागतो. उलट केले तर तो उसळून अंगावर येतो. द्रावण उकळीच्या जवळ तापते. ॲल्युमिनियमचे भांडे कॉस्टिक खातो, म्हणून स्टीलचे घ्यावे लागते. वड्या पाडल्यावर त्या चार-सहा आठवडे वाळवाव्या लागतात. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा साका होतो, फेस धरत नाही आणि कपडे पुन्हा पुन्हा खळबळावे लागतात. हे सारे बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येते. वाचलेले रुपये हिशेबात दिसतात. तिचा वेळ, भाजलेला हात आणि जास्तीचे ओढलेले पाणी दिसत नाही. योगसूत्रातील यमांमध्ये अस्तेय आहे: जे आपले नाही, ते न घेणे. मनापासून दिलेले श्रम ही सेवा होते. गृहीत धरलेले श्रम म्हणजे न विचारता घेतलेली वस्तू. गांधींच्या आश्रमातील एकादश व्रतांत असंग्रहाबरोबर शरीरश्रमही होता, हे या दृष्टीने महत्त्वाचे आहे. साधे राहण्याचे व्रत घेणाऱ्याने त्याचे कष्टही स्वतःच उचलायचे होते.

शुद्धीच्या कल्पनेतील हा दोष जुना आहे. मनुस्मृतीचाच आठवा अध्याय धोब्याने सावरीच्या गुळगुळीत फळीवर कपडे हळुवार धुवावेत, एकाचे दुसऱ्यात मिसळू नयेत, असे बजावतो. पुढच्या स्मृतिवचनांत तोच रजक अंत्यजांच्या यादीत बसवला आहे. इतरांची वस्त्रे शुद्ध करणारा स्वतः अशुद्ध ठरावा, ही विसंगती कोणत्याही टीकेने धुऊन निघणारी नाही. ज्या हातांनी स्वच्छता येते त्यांचा मान आणि मोबदला नाकारून मिळवलेली शुद्धी अर्थशौचाच्या कसोटीवर उतरत नाही. ही कसोटी घरातल्या मोरीलाही तितकीच लागू आहे.

काटकसर स्वेच्छेची की नाइलाजाची, यानेही तिचे स्वरूप बदलते. अपरिग्रह, म्हणजेच असंग्रह, हे व्रत आहे आणि व्रत निवडावे लागते. वडी परवडत नाही म्हणून राखेने कपडे घासणारे घर कोणतेही व्रत पाळत नसते. त्या घराला संतोषाचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. तिथे आधी पुरेशी मजुरी मिळायला हवी.

राहतो प्रश्न वाचलेल्या पैशाच्या विनियोगाचा. चांगल्या मार्गाने मिळवलेले धन आसक्ती न ठेवता खर्चावे, अशी तुकोबांची शिकवण आहे. नुसती साठवण्यासाठी केलेली काटकसर लोभाकडे झुकते, मग साबण कितीही स्वस्तात पडो. परीट समाजात १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी या प्रश्नाचे उत्तर आचरणातून दिले. स्वतः चिंध्यांची वस्त्रे पांघरली, हाती खराटा घेऊन गावे झाडली, सणासमारंभासाठी कर्ज काढू नका आणि मुलांना शिकवा, असे कीर्तनांतून सांगितले. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू आणि नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या.