पर्याय कशाला? करिअर कॉलेज आणि विसरलेली उमेदवारी

चार वर्षांची विद्यापीठीय पदवी महाग झाली आहे आणि ती मिळाल्यावरही नोकरीची शाश्वती उरलेली नाही, तेव्हा तरुणांनी काही महिन्यांत कौशल्य देणाऱ्या करिअर कॉलेजची वाट धरावी, असे अमेरिकेतील दोन्ही प्रमुख पक्षांचे नेते आणि अनेक उद्योजक सध्या सारख्याच उत्साहाने सांगत आहेत. करिअर कॉलेज म्हणजे एका ठरावीक व्यवसायाचे शिक्षण थोड्या मुदतीत देणारी, बहुधा खासगी मालकीची आणि नफ्यासाठी चालवलेली संस्था; वैद्यकीय सहायक, दंतवैद्याचे मदतनीस, वातानुकूलन यंत्रांचे तंत्रज्ञ, केशरचनाकार तेथे तयार होतात. पेल अनुदान, म्हणजे अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना मिळणारी आणि परत न करावी लागणारी केंद्रीय मदत, 2025 साली अमेरिकी काँग्रेसने 8 ते 15 आठवड्यांच्या रोजगाराभिमुख अभ्यासक्रमांनाही खुले केले, तेव्हा या प्रतिपादनाला कायद्याचे बळ मिळाले. या अभ्यासक्रमांतले श्रम हलके नाहीत आणि ते शिकू पाहणाऱ्यांची गरजही खोटी नाही. परंतु 'विद्यापीठाला पर्याय' असे म्हणताना जो इतिहास गृहीत धरला जातो, तो तपासून घेणे आवश्यक आहे. पुस्तकी विद्यापीठ आणि व्यवहारी कॉलेज हे दोन प्रतिस्पर्धी पहिल्यापासून समोरासमोर उभे होते आणि विद्यार्थ्याने त्यांतून शहाणपणाने एकाची निवड करायची एवढेच उरले आहे, असे या मांडणीत समजले जाते. वस्तुतः करिअर कॉलेज जन्माला आले ते उमेदवारीला पर्याय म्हणून. विद्यापीठाचा पर्याय ही त्याची ओळख पुष्कळ नंतरची असून ती कायद्याने घडवलेली आहे. ही गोष्ट विस्मरणात गेल्यामुळे, शिक्षणाचा खर्च आणि त्यातील जोखीम कोणी सोसायची, हा मूळ प्रश्नच चर्चेतून बाहेर पडला आहे.

उमेदवारी म्हणजे मालकाच्या हाताखाली राहून, त्याच्या कामाला हातभार लावत धंदा शिकण्याची पद्धत. वसाहतकाळातील अमेरिकेत ती करारबद्ध असे: मुलाने काही वर्षे राबायचे आणि मालकाने त्याला अन्न, निवारा व विद्या द्यायची. या पद्धतीत जुलूमही भरपूर होता. भावाच्या छापखान्यातली उमेदवारी अर्धवट टाकून 1723 साली बॉस्टनहून पळालेला बेंजामिन फ्रँकलिन हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. तथापि शिकवण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्यालाच शिकलेल्या माणसाची गरज होती, ही या व्यवस्थेतील मोलाची बाब होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वे, तारयंत्र आणि दूरवरचा व्यापार यांनी पेढ्यांचे स्वरूप पालटले, हिशेबनिसांची मागणी झपाट्याने वाढली आणि एकेका मुलाला वर्षानुवर्षे हाताशी धरून शिकवणे मालकांना परवडेनासे झाले. ब्रायंट आणि स्ट्रॅटन यांनी 1854 साली बफेलो येथे काढलेले व्यापारी कॉलेज आणि पाहता पाहता अनेक शहरांत पसरलेल्या त्याच्या शाखा यांनी नेमकी हीच पोकळी भरून काढली. वर्गातच नकली बँक उभारून, नकली चलनाचे व्यवहार करून मुले तेथे हिशेब ठेवायला शिकत. जी पेढी आता त्यांना उमेदवार म्हणून घेत नव्हती, तिचीच ती प्रतिकृती होती. जॉन डी. रॉकफेलर 1855 साली क्लीव्हलंडच्या अशाच एका शाळेत काही महिने शिकला आणि त्याच वर्षी साहाय्यक हिशेबनीस म्हणून कामाला लागला. पुढे टंकलेखन यंत्र आले आणि या शाळांची दारे ठोठावणाऱ्यांमध्ये मुलींची संख्या वाढत गेली.

या टप्प्यावर विद्यापीठ चित्रात नव्हतेच. 1870 च्या सुमारास अमेरिकेतील 18 ते 24 वयोगटातल्या शंभरांपैकी जेमतेम एखादा तरुण उच्च शिक्षण घेत होता. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या मुलापुढे हार्वर्ड की ब्रायंट-स्ट्रॅटन असा पेच कधीच नव्हता. शिकवण्याचा खर्च मालकाकडून शिकणाऱ्याच्या घराकडे सरकला, हा त्या काळातला खरा बदल होय. मात्र तो खर्च लहान होता, गाठीच्या पैशातून भागत होता, आणि शाळा वाईट निघाली तर पुढच्या वर्षी तिच्याकडे कोणी फिरकत नसे.

पुढच्या अर्धशतकातील घटना सर्वज्ञात आहेत. 1862 च्या मॉरिल कायद्याने शेती व यंत्रविद्या यांना विद्यापीठात स्थान दिले. बुकर टी. वॉशिंग्टन आणि डू बॉईस या कृष्णवर्णीय नेत्यांच्या वादाने, कौशल्यशिक्षण एखाद्या समाजाच्या वाट्याला त्याची मर्यादा म्हणूनही येऊ शकते, हे दाखवून दिले. 1915 साली शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड स्नेडन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्यात व्यवसायशिक्षणावरून झडलेल्या वादात ड्यूई यांचा विरोध व्यवसायशिक्षणाला नव्हता. कामगाराला चालू यंत्राच्या मापाने घडवणाऱ्या, सामान्य शिक्षणापासून तोडलेल्या वेगळ्या व्यवस्थेला होता. (त्याच काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ड्यूई यांचा खोल ठसा उमटला, हे मराठी वाचकाला सांगायला नको.) प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसायशिक्षणाला केंद्राचा पैसा दिला तो सार्वजनिक नियंत्रणाखालील शाळांना, आणि तोही महाविद्यालयाहून खालच्या पातळीवरील शिक्षणासाठी. दरम्यान विस्कॉन्सिन राज्याने 1911 मध्ये आणि केंद्र सरकारने 1937 मध्ये उमेदवारीसाठी कायदे केले. अशा रीतीने विद्यापीठ, सार्वजनिक व्यवसायशाळा, खासगी व्यापारी शाळा आणि नोंदणीकृत उमेदवारी असे चार मार्ग आपापल्या वाटेने चालत होते, आणि त्यांतला एक दुसऱ्याची जागा घेईल असे कोणी म्हणत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी 1944 साली झालेल्या जीआय कायद्याची कथा सहसा विद्यापीठांची कथा म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात त्याचा लाभ घेतलेल्या 78 लाख माजी सैनिकांपैकी सुमारे 22 लाख महाविद्यालयांत गेले, सुमारे 35 लाख इतर शाळांत, आणि उरलेले प्रत्यक्ष कामावर किंवा शेतावर शिकले. सरकारी पैसा शाळेकडे थेट येऊ लागताच खासगी व्यवसायशाळांचे पेव फुटले, काही ठिकाणी शिकवणी नावापुरती राहिली, आणि काँग्रेसच्या चौकशीनंतर 1952 च्या कायद्यात अशी अट आली की एखाद्या अभ्यासक्रमात सरकारी मदतीवर शिकणाऱ्या माजी सैनिकांचे प्रमाण 85 टक्क्यांहून अधिक नसावे. या अटीमागचा विचार सुज्ञपणाचा होता: जे शिक्षण स्वतःचा पैसा खर्चून कोणीच घेत नाही, त्याची किंमत सरकारने तरी का मोजावी?

यानंतरचा निर्णायक टप्पा 1972 चा, आणि त्याचाच अर्थ आजवर चुकीचा लावला गेला आहे. 1965 साली उच्च शिक्षण कायदा झाला तेव्हाही व्यवसायशाळांतील विद्यार्थ्यांच्या कर्जहमीसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला होता, म्हणजे दोन्ही क्षेत्रे वेगळी आहेत ही जाणीव शाबूत होती. 1968 मध्ये त्या दोन कर्जयोजना एकत्र करण्यात आल्या आणि 1972 च्या दुरुस्त्यांनी उरलेली भिंतही पाडली. सरकारी मदत संस्थांना द्यावी की विद्यार्थ्यांना, हा तेव्हाचा मुख्य वाद होता. प्रतिनिधिगृहातील एडिथ ग्रीन यांचा कल संस्थांना मदत देण्याकडे होता, तर सिनेटर क्लेबोर्न पेल यांचा आग्रह असा की गरीब विद्यार्थ्याच्या हातीच मदत द्यावी आणि ती घेऊन त्याला हवे तेथे जाऊ द्यावे. पेल यांचा पक्ष विजयी झाला आणि पात्र संस्थांच्या यादीत नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवसायशाळाही आल्या.

या बदलाकडे दोन तऱ्हांनी पाहिले जाते. करिअर कॉलेजचे समर्थक म्हणतात की विद्यार्थ्याला त्या दिवशी निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. टीकाकार म्हणतात की शिक्षणाचा बाजार त्या दिवशी मांडला गेला. दोन्ही पक्षांना संघर्ष दिसतो तो विद्यापीठ आणि बाजार यांच्यातला, त्यामुळे खर्च आणि जबाबदारी यांचे जे स्थलांतर झाले ते दोघांच्याही नजरेतून सुटते. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. गरिबाच्या मुलाने मोटारदुरुस्ती शिकायचे ठरवले म्हणून त्याला मदत नाकारू नये, ही पेल यांच्या बाजूची भूमिका न्याय्यच होती. परंतु ज्या क्षणी एकाच निकषावर, एकाच थैलीतून दोन्हींना मदत मिळू लागली, त्या क्षणी तोवर भिन्न प्रयोजनांच्या असलेल्या या संस्था एकमेकींच्या प्रतिस्पर्धी ठरल्या. विद्यापीठाचा पर्याय म्हणून मिरवणारे करिअर कॉलेज या तरतुदीचे अपत्य आहे. मदत विद्यार्थ्यामार्फत जात असल्यामुळे निवड त्याची आणि म्हणून फसगतही त्याचीच, असा न्याय रूढ झाला. कर्जाला सरकारची हमी असल्याने सावकाराला बुडण्याची भीती उरली नाही. शुल्क आगाऊ हाती येत असल्याने संस्थेलाही ती उरली नाही. दिवाळखोरीत शैक्षणिक कर्ज माफ होण्याची सोय मात्र 1976 पासून टप्प्याटप्प्याने आवळली गेली आणि 1998 पर्यंत केंद्रीय कर्जांच्या बाबतीत ती जवळजवळ संपुष्टात आली. उमेदवारीच्या व्यवस्थेत ज्याला शिकलेल्या माणसाची गरज असे तो मालक या साऱ्या व्यवहारात कोठेच नव्हता. त्याला आता तयार माणूस हवा होता आणि त्याला तयार करण्याचे मोल शिकणाऱ्याने, तेही उसनवारीवर, चुकवायचे होते.

पुढे जे घडले त्याची बीजे या रचनेतच होती. केवळ काही लबाड संस्थाचालकांच्या माथी ते मारता येणार नाही. सिनेटर सॅम नन यांच्या समितीने 1990-91 मध्ये गैरप्रकार उघड केल्यावर 1992 साली 85 टक्क्यांची मर्यादा नव्या रूपात परत आली, म्हणजे नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेच्या उत्पन्नात केंद्रीय विद्यार्थीसाहाय्याचा वाटा तेवढ्यापुरता सीमित झाला. परंतु 1998 मध्ये ती 90 टक्क्यांपर्यंत सैल करण्यात आली. सिनेटर टॉम हार्किन यांच्या 2012 च्या अहवालाने 30 कंपन्यांचे 2009 सालचे हिशेब तपासले, तेव्हा उत्पन्नापैकी 22.7 टक्के जाहिरात व विद्यार्थी मिळवण्यावर, 19.4 टक्के नफ्यात आणि अवघे 17.2 टक्के शिकवण्यावर गेल्याचे आढळले. स्टेफनी सेलिनी आणि क्लॉडिया गोल्डिन या अर्थशास्त्रज्ञांनी 2014 साली दाखवून दिले की सरकारी मदतीस पात्र असलेल्या नफाकेंद्री संस्थांचे शुल्क, त्याच प्रकारचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या परंतु मदतीस अपात्र असलेल्या संस्थांच्या शुल्काहून सुमारे तीन-चतुर्थांशाने अधिक होते. गरिबासाठी दिलेला पैसा वाढीव शुल्कात जिरत होता, ही शंका या निष्कर्षाने बळावली. कोरिंथियन कॉलेजेस ही साखळी 2015 मध्ये बंद पडली आणि 2022 साली सरकारला तिच्या 5 लाख 60 हजार विद्यार्थ्यांचे 5.8 अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले.

विद्यापीठेही कर्जाचे डोंगर उभे करतात आणि त्यांच्या पदव्याही वाया जातात, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याने करिअर कॉलेजचे समर्थन होत नाही, कारण दोन्हीकडे दोष एकच आहे, तो म्हणजे जोखीम एकट्या शिकणाऱ्यावर लोटण्याचा. नोकरी करून, मुले सांभाळून संध्याकाळी शिकू पाहणाऱ्या प्रौढ स्त्रीला विद्यापीठ जागा देत नाही, हेही खरे. पण तिच्यासाठी अल्प शुल्काची सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे 1901 पासून अमेरिकेत आहेत, आणि ती सक्षम करण्याचा मार्ग सोडून तिला अधिक महाग संस्थेकडे पाठवणे ही तिची सेवा नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये बहुसंख्य तरुण आजही आठवड्याचे काही दिवस कारखान्यात वा कार्यालयात आणि उरलेले दिवस शाळेत घालवतात, मालक त्यांना वेतन देतो, आणि 1990 च्या दशकात सुरू झालेल्या व्यावसायिक पात्रता परीक्षेमुळे उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांत त्यांना प्रवेश मिळतो. ड्यूई यांनी ज्या तुटलेपणाची भीती बोलून दाखवली, ते तेथे बऱ्याच अंशी सांधले गेले आहे.

भारतात ही चर्चा ऐकताना विशेष सावध राहायला हवे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणि मधल्या प्रत्येक वर्षी बाहेर पडण्याची सोय आणली, आणि त्याच सुमारास मुंबई-पुण्यासह सर्वत्र हप्त्यांवर शुल्क घेणारे खासगी कौशल्यवर्ग पदवीला पर्याय म्हणून स्वतःची जाहिरात करू लागले. वास्तविक 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा येथे अस्तित्वात आहे. 2019 च्या नियमांनुसार 30 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे आणि त्यांना विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. ज्या महाराष्ट्रात ठाणे-बेलापूरपासून चाकणपर्यंत कारखान्यांचे पट्टे पसरले आहेत, तेथे कौशल्यशिक्षणाची चर्चा या कायद्याच्या कठोर अंमलबजावणीपासून सुरू व्हायला हवी.

म्हणून विद्यापीठाला पर्याय म्हणून पुढे येणाऱ्या कोणत्याही संस्थेची परीक्षा मुदत आणि शुल्क यांवरून न करता तीन निकषांवर करावी: शिकवण्याच्या खर्चात, त्या शिक्षणाची गरज असलेल्या उद्योगाचा वाटा आहे की नाही, नोकरी मिळाली नाही तर संस्थेला काही गमवावे लागते की नाही, आणि शिकून झाल्यावर पुढच्या शिक्षणाचा दरवाजा उघडा राहतो की नाही. या तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर ती संस्था विद्यापीठाला पर्याय ठरत नाही आणि उमेदवारीलाही ठरत नाही. गरजू तरुणाच्या नावावर काढलेल्या कर्जातून ती केवळ स्वतःचा निर्वाह चालवते. अशा संस्थेला सार्वजनिक पैसा देताना तिच्या हमीपत्रावर उद्योगाची आणि संस्थाचालकांची सही मागणे हे सरकारचे कर्तव्य आहे.