खरबूज आणि ग्रहण

वाचकहो, रजबची २२ तारीख आली की आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुंडे होतात. गोड पुऱ्या, मातीची कुंडी आणि फातिहापूर्वी वाचली जाणारी लाकूडतोड्याची कथा. कोपरीच्या आमच्या घरी ती दादी एका जीर्ण उर्दू पुस्तिकेतून वाचत असे. मदीनेतील लाकूडतोड्याची गरीब पत्नी इमाम जाफर सादिक (रह.) यांच्या नावाने फातिहा देते आणि पती खजिना घेऊन परततो. वजिराच्या पत्नीला हे खरे वाटत नाही, तेव्हा वजिराच्या रुमालातील खरबुजाचे राजपुत्राचे मस्तक होते. पती-पत्नी पश्चात्ताप करतात आणि सुटतात.

इमामसाहेबांचे निधन हिजरी १४८ (इ.स. ७६५) मध्ये झाले. त्या काळात मदीनेत ना राजा होता ना वजीर; उमय्या खलिफांची राजधानी दमास्कसला होती, अब्बासींची इराकमध्ये. पण माझा मुख्य आक्षेप इतिहासाचा नाही आणि अद्भुताचाही नाही. मूसा (अ.) यांची काठी आणि मरयम (अ.) यांना मिळालेले अन्न आपण ईमानाने मानतो. शेजाऱ्यांना पुऱ्या खाऊ घालण्यात तर काहीच वावगे नाही. आक्षेप आहे तो खरबुजावर: ही कथा स्वतःवर विश्वास न ठेवणाऱ्याला शिक्षा देते. एका वर्षी दादी आजारी होती, कुंडे राहून गेले. त्याच वर्षी चाचांचा कारखाना बंद पडला. तो आपल्या चुकीमुळे बंद पडला, असे ती अखेरपर्यंत मानत राहिली. रोजी देणारा अल्लाह आहे, हे तिला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. तरीही भीती मात्र पुस्तिकेची होती.

आता हिजरी १० मधील प्रसंग आठवा. प्रेषित (स.) यांचा चिमुकला पुत्र इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. केवळ मौन पाळले असते तरी ही कथा अरबस्तानभर पसरली असती आणि कित्येकांची श्रद्धा तिने दृढही केली असती. परंतु दुःखात असलेल्या त्या पित्याने लोकांना समजावले की सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्म-मृत्यूसाठी त्यांना ग्रहण लागत नाही. बुखारी शरीफमध्ये ही हदीस आहे.

मग जुन्या कथा टाकून द्याव्यात का? मला तसे वाटत नाही. माहीमचे मखदूम फकीह अली (रह.) (१३७२–१४३१) यांनी कुरआनवर अरबीत भाष्य लिहिले. लोक मात्र त्यांची एक कथा सांगतात: आईने रात्री पाणी मागितले, आणेपर्यंत तिला झोप लागली, आणि मुलगा प्याला हातात धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. हीच कथा बायजीद बिस्तामी (रह.) यांच्याविषयीही सांगतात, म्हणजे ती कोणाची, हे खात्रीने सांगता येत नाही. दादी तीही सांगे, पुस्तिकेवाचून. ऐकता ऐकता कोणी झोपी गेले, तरी तिने कधी कसली भीती घातली नाही.