ती जुडी खाली का ठेवायला लावलीस?

शनिवारी संध्याकाळी बोरिवली स्टेशनबाहेर भाजीवालीने तुझ्यापुढे मेथीची जुडी धरली आणि तू म्हणालीस, "नको मावशी, मी कार्ब्ज बंद केलेत." मी दोन पावलांवर उभी होते. तिने काही न बोलता जुडी परत ओल्या गोणपाटावर ठेवली. मला मात्र गप्प बसवेना, म्हणून तुला आज घरी बोलावलं. बस. फोन पिशवीत टाक.

दहावीला तुला विज्ञान मी शिकवलं. पिष्ट, शर्करा, तंतू हे तू पेपरात न अडखळता लिहायचीस. मग मोठी झालीस, अंधेरीला नोकरीला लागलीस आणि एवढं साधं विसरलीस? वजन कमी करायचंय, कर. भात, पाव, साखर आवर, माझी त्याला हरकत नाही. आपल्या ताटात पिष्टाचा ढीग असतो हे खरंच आहे. पण ढिगाबरोबर तू पानंही उचलून टाकलीस, राग त्याचा आलाय.

आकडे बघितलेस का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात शंभर ग्रॅम पालकात कर्बोदकं साधारण दोन ग्रॅम आहेत आणि तंतू त्याहून थोडे जास्त. मेथी, हिरवा माठ, सगळे त्याच घरातले. म्हणजे दोनशे ग्रॅमची निवडलेली पालकाची जुडी तू एकटीने खाल्लीस तरी पोटात जातात चार ग्रॅम. आणि दुपारी चारला ऑफिसच्या खणातून काढून जे मूठभर काजू खातेस, त्यात सातेक ग्रॅम असतात. काजू 'चालतात' आणि पालक 'चालत नाही', हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या ॲपने? ॲपमध्ये पालकासमोर साडेतीनच्या वर आकडा दिसला असेल. तो अमेरिकी पद्धतीचा आकडा. तिकडे तंतूही कर्बोदकांतच मोजतात, म्हणून त्यातून तंतू वजा करायचे असतात. आपल्या तक्त्यात ते आधीच वेगळे काढलेले आहेत. आकडा कुठून आला हे न विचारता त्यावर विश्वास ठेवायचा, असं मी तुला कधी शिकवलं होतं?

आणि ज्या पद्धतीच्या नावाने तू हे करतेस, ती तरी वाच. लंडनच्या विल्यम बँटिंगने १८६३ मध्ये आपलं वजन कसं उतरवलं ते लिहून छापलं. त्याने पाव, साखर, बिअर, बटाटा सोडले, बाकीच्या भाज्या जेवणात ठेवल्या. ॲटकिन्स आहारपद्धतीच्या अलीकडच्या आराखड्यात सगळ्यात कडक पहिल्या टप्प्याला दिवसाला २० ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा आहे, आणि त्यातली १२ ते १५ ग्रॅम भाज्यांतूनच घ्यायला सांगितली आहेत. म्हणजे कडकातल्या कडक माणसानेही पान टाकलं नाही. ते तू टाकलंस.

परवा तुझी आई सांगत होती, तुला पोट साफ होत नाही म्हणून रोज रात्री इसबगोल घेतेस. इसबगोल म्हणजे काय गं? तंतूच ना? भाजीवालीकडचे नाकारायचे आणि औषधाच्या दुकानातून डबा आणायचा!

आता नीट ऐक, कारण ही गोष्ट याच शहरात घडली. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात रक्त कमी होऊन मरत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने त्याचा शोध घेतला. त्यांचा आजार यीस्टच्या अर्काने बरा होतो हे तिने दाखवलं आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा काढला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं. यीस्टच्या अर्कातलं औषध ते हेच. गिरणीतल्या त्या बायकांना पोटभर चांगलंचुंगलं मिळत नव्हतं. तुला वसईकडची ताजी भाजी स्टेशनच्या दारात मिळते, पावसाळ्यात नॅशनल पार्कच्या पाड्यांवरच्या बायका टाकळा, कुर्डू, शेवळं घेऊन बसतात, आणि तू तोंड फिरवून पुढे जातेस. याचं मला वाईट वाटतं. खरंच वाईट वाटतं.

हां, तू एक बरोबर म्हणाली असतीस, पण तुला ते सुचलंच नाही. आपण पालेभाजी करतो कशी? पालकाच्या पातळ भाजीला डाळीचं पीठ, अळूच्या फदफद्यात गूळ, कोथिंबीर वडीत बेसन. तिथे पीठ आणि गूळ मोज, अळू मोजू नकोस. लसणाची फोडणी, वरून खोबरं, एवढं पुरतं. फोडणीतलं तेलही वाया जात नाही. पानातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतोच.

आणि शेवटचं, ज्यावर मी खरी चिडले आहे. आईलाही तू पोळी-भात बंद करायला लावलंस. तिला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याने अचानक पिष्ट तोडलं तर साखर एकदम खाली जाते, माणूस रस्त्यात कोसळतो. डॉक्टरांना विचारलंस? नाही. तुझ्या काकांना रक्त पातळ करायची वॉरफेरिन आहे, त्यांनी पालेभाजी एकदम वाढवायची नाही आणि एकदम तोडायचीही नाही. मुतखडा झालेल्याने पालक जपून. प्रत्येकाचं वेगळं असतं. तू मात्र घरभर एकच नियम लावलास, तोही चुकीचा. आईला उद्याच डॉक्टरांकडे घेऊन जा आणि मला येऊन सांग, ते काय म्हणाले.

शनिवारची ती जुडी मी घेतली, त्याच रात्री शिजवली. ही आज सकाळची आहे. परात घे आणि निवडायला बस. जून देठ तेवढे काढ, कोवळे राहू देत.