फाट्यावरचा पहिला घाणा

पुण्याहून भोर पन्नासेक किलोमीटर. कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोलनाका, मग कापूरहोळला हायवे सोडून उजवीकडे वळायचं. मनात आणलं तर दीड तासात पोचता येतं, पण ही वाट दीड तासात उरकायची नाहीच. दिवस मोकळा ठेवावा, सहाच्या आत घर सोडावं आणि न्याहारी फाट्यावरच्या एखाद्या हॉटेलात करावी.

हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन-तीन बाकडी आणि दारातच पेटलेली भट्टी. शहरातली मंडळी नऊ-दहाला येतात, तोवर इथली खरी सकाळ उलटून गेलेली असते. ती सुरू होते दुधाबरोबर. धारा काढून माणसं किटल्या घेऊन डेअरीवर येतात, माप होतं, पावती हातात पडते आणि पाय चहाकडे वळतात. "आज फॅट किती लागली?" हा पहिला प्रश्न. पावसाळ्यात लगेच दुसरा, "धरण किती भरलं?" तेवढ्यात तालुक्याची एसटी येते, कॉलेजची पोरं अर्धा चहा टाकून पळतात. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर धावली. नंतर गाडी जिथे जिथे थांबू लागली, तिथल्या कितीतरी फाट्यांवर अशी हॉटेलं उभी राहिली.

"बसा वाईच, घाणा पडतोय," मावशी सांगतात. उभा चिरलेला कांदा मीठ लावून आधीच ठेवलेला असतो. त्याला सुटलेल्या पाण्यातच त्या बेसन कालवतात, वरून ओवा चुरडून टाकतात. तेलात पिठाचा एक थेंब सोडतात; तो तळाशी जाऊन लगेच वर आला की तेल तापलं. भजी पडताच कढई मोठ्यानं चुरचुरते. मग कांद्यातलं पाणी आटत जातं तसा आवाज उतरतो, आणि त्या आवाजावरच मावशी झारा घालतात, कढईत नीट पाहतही नाहीत. वर मीठ लावलेली तळलेली मिरची. पहिल्या घाण्याच्या भज्यांना जी चव असते ती तेल जुनं झाल्यावर येत नाही, त्यासाठी लवकर उठणं मला मुळीच जड जात नाही.

हायवेवरच्या फूड मॉलमध्ये टोकन घ्यायचं, ताट उचलायचं, निघायचं. तिथे पोट भरतं, पण आपण कुठल्या मुलखात जेवलो हे कळत नाही. इथे घाणा निघेपर्यंत थांबावंच लागतं, आणि तेवढ्यात शेजारचे काका विचारतात, "कुठं निघालाय?" "कुठं नाही, असंच" म्हटलं की त्यांना नवल वाटतं, पण मग तेच रस्ता सांगतात. बनेश्वर मागं राहिलं, आता भाटघरला तरी जाऊन या, म्हणतात.

भाटघरला वेळवंडी नदीवर १८९२ साली पहिलं धरण झालं आणि पुढे त्याच खोऱ्यात त्याहून मोठं बांधलं गेलं. इथलं पाणी नीरेच्या कालव्यांनी डावीकडे बारामती-इंदापूरला आणि उजवीकडे फलटण-माळशिरसला जातं. तिकडचा ऊस या डोंगरातल्या पावसावर उभा आहे. चहाच्या बाकड्यावरचा तो दुसरा प्रश्न म्हणूनच एकट्या या खोऱ्याचा नसतो. कठड्यापाशी पाण्याकडे बघत उभं राहिलं, की हे पुस्तकात वाचण्यापेक्षा लवकर कळतं.

रस्ते रुंद होताहेत, फाट्यांवर उड्डाणपूल येताहेत. वेळ वाचतो, अपघात टळतात, हे चांगलंच आहे. पण पुलावरून जाणाऱ्या गाडीला खालची भट्टी दिसत नाही, आणि दोन-चार वर्षांत ती विझते. ती तगायची असेल तर आपण मुद्दाम खाली उतरलं पाहिजे.

येत्या रविवारी निघालात तर सातच्या सुमाराला पोचा. पाण्याची बाटली घरून न्या, सुटे पैसे ठेवा, भजी बांधून न घेता तिथेच बसून खा. आणि उठताना मावशींना घरचा इंद्रायणी तांदूळ आहे का विचारा. या भागात भात पिकतो, बऱ्याचदा मिळतो.