पेलवेल तेवढे ओझे

फजरच्या नमाजनंतर महात्मा फुले मंडईच्या बाजूने गेले, की गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आलेले टेम्पो रिकामे होताना दिसतात. पोते पाठीवर घेण्यापूर्वी हमाल क्षणभर त्याचा अंदाज घेतो. एकेकाळी शंभर किलोचे पोते उचलावे लागे. ते पन्नास किलोचे व्हावे म्हणून डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने दीर्घ लढा दिला. या हमालांचे ईमान कमजोर झाले आहे, असे तेव्हा कोणी म्हटले नाही.

मी मात्र एका तरुणाला जवळजवळ तेच म्हटले होते. तो हिंजवडीतील एका कंपनीत प्रोग्रामर होता. दिवसा कोड लिहायचा, रात्री अमेरिकेतील ग्राहकांशी बैठका. अशी चार वर्षे गेल्यावर लॅपटॉप उघडताच त्याचे हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली, झोप उडाली. त्याने राजीनामा दिला. वडील त्याला माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा मी जिक्र वाढविण्यास सांगितले आणि इबादतीत कमतरता असल्यामुळे असे होते, असे सुचविले. तो काही बोलला नाही. पुढचे तीन जुमे तो मस्जिदीत दिसला नाही. हे लिहिताना लाज वाटते. पण अनेक घरांत आजही हीच भाषा ऐकू येते, म्हणून लिहितो.

सहीह बुखारीत आलेल्या एका दुआत प्रेषित मुहम्मद (स.) चिंता आणि दुःख, असमर्थता आणि आळस, कर्जाचा भार आणि माणसांचे वर्चस्व यांपासून अल्लाहचा आश्रय मागतात. येथे असमर्थता वेगळी आहे आणि आळस वेगळा. आपण घरात मात्र दोन्ही एकाच पारड्यात टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’चे वर्णन कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या ताणातून निर्माण होणारी अवस्था असे केले. तो आळस नव्हे. त्यासोबत येणारी सततची भीती व धडधड हा तर उपचाराने बरा होणारा आजार असू शकतो. अल्लाहने प्रत्येक आजारासोबत उपायही उतरविला आहे, ही हदीस आपण मधुमेहाच्या रुग्णाला ऐकवितो. मनाच्या रुग्णाला ऐकविताना का अडखळतो? शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. दुआ करावी आणि डॉक्टरकडेही जावे.

इमाम गजाली (रह.) यांचे उदाहरण मला फार उशिरा आठवले. इ.स. 1095 मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात शेकडो विद्यार्थ्यांसमोर शिकविणाऱ्या या विद्वानाची जीभ उचलेना, घास गिळवेना. दुखणे मनातून शरीरात उतरले आहे, असे हकिमांनी सांगितले. त्यांनी पद सोडले. दमास्कस, बैतुल मुकद्दस, हज असा प्रवास केला. सुमारे अकरा वर्षांनी, 1106 मध्ये, निशापूरला ते पुन्हा शिकवू लागले. आपल्या आत्मकथनात ते या परतण्याला परतणे म्हणत नाहीत, कारण पूर्वी ते कीर्तीसाठी शिकवीत होते आणि आता तो हेतू उरला नव्हता. त्यांची चिंता आखिरतची होती, पगाराची नव्हती. तुलना फार ताणू नये. परंतु जागा तीच असली, तरी माणसाने जुन्याच अटींवर परतावे असे नाही, एवढे त्यातून घेता येते.

मी त्या तरुणाच्या घरी जाऊन माफी मागितली. उपचार सुरू झाले. काही महिन्यांनी त्याच्या मामूंनी, त्यांचा मंडईत कांदा-बटाट्याचा गाळा आहे, उधारीचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम करून मागितला. फजरनंतर रोज एक तास तो बसू लागला. पहिल्या आठवड्यात दोन दिवस लॅपटॉप उघडलाच गेला नाही. मामूंनी विचारले नाही. हे त्यांचे मोठेपण!

पुढे एका कंपनीने बोलावले: पगार चांगला, रात्रीच्या बैठका पूर्वीसारख्याच. बहिणीचे लग्न तोंडावर होते. अब्बा म्हणाले, “मौलाना, अल्लाह झेपेल तेवढेच ओझे देतो ना? मग झेपेल याला.” सूरह बकरहच्या शेवटच्या आयतीचा हा अर्थ आपण सर्रास लावतो. ती आयत अल्लाहच्या आज्ञांविषयी आहे. कंपनीची मुदत ही अल्लाहची आज्ञा नव्हे. हाताखालच्या माणसांवर झेपणार नाही असे काम लादू नका, लादलेच तर स्वतः हात लावा, असे प्रेषितांनी (स.) मालकांना बजावले आहे. कधी कधी घरच मालक होऊन बसते, हे मी अब्बांना शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “लग्न साधे करू.”

त्याने कमी पगाराची, दिवसाच्या वेळेची नोकरी धरली. मधल्या खंडाविषयी मुलाखतीत काय सांगावे, असे त्याने विचारले होते. खोटा अनुभव दाखविणे हराम आहे. पण आजाराचा सगळा तपशील अनोळखी माणसापुढे मांडणे बंधनकारक नाही. “प्रकृती बरी नव्हती, उपचार घेतले, आता काम करू शकतो,” एवढेच तो बोलला.

औषधे अजून चालू आहेत. गेल्या महिन्यात एकदा पुन्हा धडधड झाली. त्याने वरिष्ठांना सांगून दोन दिवस सुट्टी घेतली आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेला. मामूंचा प्रोग्रामही चालतो आहे, मात्र लाल वही त्यांनी अजून सोडलेली नाही.