न मागणाऱ्याचा वाटा

रमजानचे शेवटचे दहा दिवस उरले की नागपूरच्या मोमिनपुऱ्यात संध्याकाळनंतर पाय ठेवायला जागा नसते. शेवया, खजूर, अत्तर, टोप्या, पोरांचे कपडे. याच धांदलीत दुकानाच्या आतल्या अंगाला एक वेगळा हिशेब चाललेला असतो. गल्ल्यावरचा माणूस वही उघडतो. माल ४ लाखांचा, रोख १ लाख, उधारीचे येणे १ लाख. देणे ८० हजार. वजा जाता उरले ५ लाख २० हजार. त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे १३ हजार रुपये, जकातीचे. बायकोच्या दागिन्यांचा हिशेब निराळा मांडायचा, कारण दागिने तिच्या मालकीचे आणि त्यावरची जकातही तिच्याच शिरावर.

साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक ज्याच्याकडे चांद्र वर्षभर राहिली, त्याच्यावर जकात, म्हणजे गरजूंना द्यायचे सक्तीचे दान, लागू होते. नमाज आणि रोजा यांच्या बरोबरीने ती इस्लामच्या पाच स्तंभांत मोजली जाते. एवढे शाळकरी पुस्तकातही असते. मला त्या वहीचे अप्रूप वाटते ते दुसऱ्याच कारणाने. वर्षातून एकदा माणसाला आपल्या मालमत्तेसमोर बसावे लागते आणि यातले आपले किती, हा प्रश्न आकड्यांत सोडवावा लागतो. मनात दया दाटून येईपर्यंत थांबण्याची मुभा नाही. मन भरून आले तरी चाळिसावा हिस्सा द्यायचा, नाही आले तरी द्यायचा.

कुराणात एका ठिकाणी सज्जनांचे वर्णन करताना म्हटले आहे की त्यांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो. म्हणजे ते १३ हजार दुकानदाराच्या गल्ल्यात असले तरी त्याचे नाहीत. कुणाचे तरी पैसे वर्षभर त्याच्याकडे राहिले होते, ते तो पोचते करतो आहे. हे एकदा मनात नीट बसले की दात्याची छाती फुगायला जागाच उरत नाही. ज्याचे त्याला दिले, त्यात उपकार कसला? उपकार बोलून दाखवला किंवा घेणाऱ्याचे मन दुखवले, तर केलेले दान वाया जाते असेही कुराण बजावते. खडकावर मातीचा पातळ थर असावा, एक जोराची सर यावी आणि खाली नुसता खडक उघडा पडावा, तशी त्या दानाची गत होते.

कोरोनाच्या लाटेतला एप्रिल २०२१ काय होता, हे नागपूरकरांना सांगावे लागत नाही. खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता, आणि ऑक्सिजन मिळाला तर तो आणायला टँकर मिळत नव्हते. विशाखापट्टणमहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस २३ एप्रिलला नागपुरात पोचली. त्याच दिवसांत शहरातले वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी ओळखीपाळखी आणि पदरचे पैसे लावून टँकर मिळवले, चढी भाडी मोजली आणि सरकारी रुग्णालयांपर्यंत ऑक्सिजन पोचवला. तेव्हाच्या बातम्यांत सुमारे ८५ लाख रुपये खर्चाचा आणि ४०० टन ऑक्सिजनचा आकडा आला होता. ताजबागच्या झोपडपट्टीत वाढलेला, रेल्वे स्टेशनबाहेर संत्री विकलेला, ऑटो चालवलेला हा माणूस. प्रशासनाने खर्च परत द्यायची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनी नको म्हटले. रमजान सुरू होता. ही आपली जकात, अशी त्यांची भूमिका होती.

धर्मशास्त्राच्या काटेकोर नजरेने कुणी इथे हरकत घेऊ शकेल. इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी परंपरेप्रमाणे जकातीची रक्कम गरजू मुसलमानाच्या मालकीची करून द्यावी लागते. टँकरच्या भाड्यात ती बसवता येत नाही. मग याला सदका म्हणावे, म्हणजे ऐच्छिक दान, जे कुणालाही आणि कुठल्याही सत्कार्यासाठी देता येते. हरकत रास्त आहे, आणि शास्त्र जाणणाऱ्यांनी ती घ्यावीही. पण तो शब्द उच्चारणाऱ्याच्या मनातली भावना मला मोलाची वाटते. ८५ लाख खर्चून तो माणूस आपण देणे फेडले असे म्हणत होता. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या खाटांवर धाप लागून पडलेल्यांचा आपल्या पैशांवर हक्क आहे, हे त्याने गृहीतच धरले होते. खाटेवरच्या माणसाचा धर्म विचारायचा प्रश्नच नव्हता. हा प्रश्न पैगंबरांच्या काळात मात्र उठला होता; तेव्हा काही मुसलमान आपल्या मुसलमान न झालेल्या नातलगांना मदत द्यायला कचरत होते. लोकांना मार्गावर आणणे तुमच्याकडे नाही, तुम्ही जे चांगले खर्चाल ते तुमच्याच भल्याचे, अशा अर्थाची आयत त्या प्रसंगी उतरली, असे जुने भाष्यकार सांगतात.

हक्क मागणाऱ्याचा आणि वंचिताचा, यातला दुसरा माणूस अवघड. मागणारा मशिदीच्या दारात भेटतो. रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी, अलविदा जुम्म्याला, तर त्यांची रांगच लागते. वंचित दारात येत नाही. आपल्याकडे त्याला सफेदपोश म्हणतात. इस्त्रीचा कुर्ता घातलेला, कुणापुढे हात न पसरणारा. शेजाऱ्याला वाटावे की याचे बरे चालले आहे. माग बंद पडलेला विणकर असेल, पगार थकलेला मदरशातला मौलवी असेल, तीन पोरी पदरात असलेली विधवा असेल. अशांना तुम्ही त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखाल, असे कुराण सांगते. ओळखायचे तर आधी त्याच्या ओट्यावर बसणे आले, त्याच्या पोरांची नावे ठाऊक असणे आले. टाळेबंदीत धान्याच्या पिशव्या वाटल्या गेल्या, हे फार मोठे काम झाले. पण पिशवी हातात देतानाचा फोटो निघू लागला तसा सफेदपोश मागे सरला. मला हे फार लागले. त्याच्या वाट्याचे धान्य त्याला मिळाले नाही, आणि ते त्याच्या लाजेपोटी नव्हे, देणाऱ्याच्या हौसेपोटी मिळाले नाही. डाव्या हाताला न कळता उजव्या हाताने द्यावे, ही पैगंबरांची शिकवण प्रत्येक मशिदीत सांगितली जाते. काही घरांत पाकिटावर ना देणाऱ्याचे नाव, ना जकात असा शब्द. ईदची भेट म्हणून ते पोराच्या हाती ठेवले जाते. घेणाऱ्याला ही जकात आहे असे सांगणे शास्त्रानेही बंधनकारक केलेले नाही. देणाऱ्याच्या मनात हेतू असला की पुरे.

विदर्भाला यात परके काही वाटू नये. ज्या मातीत गाडगेबाबा गाव झाडून, स्वतःसाठी फक्त भाकरी घेऊन, लाखोंच्या धर्मशाळा उभ्या करून गेले, तिथे देणाऱ्याने मागे राहावे ही गोष्ट माणसे ऐकून नव्हे, पाहून शिकली आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती कोकणातली. ईदच्या नमाजाआधी प्रत्येक घराने माणशी ठरावीक धान्य किंवा त्याची किंमत गरिबांना द्यायची असते, तिला फित्रा म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी, त्यामुळे इथे फित्रा ऐपतदारावर. कोकणी मुसलमान शाफई या दुसऱ्या परंपरेचे. त्यांच्याकडे ईदच्या दिवस-रात्रीपुरते घरच्यांचे भागवून ज्याच्याकडे थोडे जास्त उरते, त्या प्रत्येकावर फित्रा आहे. त्यामुळे रत्नागिरीकडच्या एखाद्या झोपडीत रमजानभर लोकांनी आणून दिलेला तांदूळ ईदच्या आदल्या संध्याकाळी गरजेपेक्षा जास्त उरला, तर त्या घरची बाई त्यातलाच तांदूळ मापते, माणशी माप वेगळे काढते, आणि पोराला सांगते की पहाटे नमाजाच्या आधी हा पलीकडच्या चाचीकडे देऊन ये.