भिंतीवर राहिलेलं

इटलीतल्या मांतुआच्या पालाझ्झो दुकाले या राजवाड्यात पाचशेहून अधिक दालनं आहेत. त्यांतून हिंडताना मनात येत राहतात ती तिथे नसलेली चित्रं. इथे राज्य करणाऱ्या गोंझागा घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या संग्रहातलं कॅराव्हाज्जोचं ‘मेरीचा मृत्यू’ आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, राफाएलचं ‘ला पेर्ला’ माद्रिदच्या प्रादोत, तर मांतेन्याची ‘सीझरचे विजय’ ही नऊ चित्रांची मालिका लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टात.

डोईवर कर्ज होतं, म्हणून 1627-28 मध्ये संग्रहाचा मोठा हिस्सा इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला गेला. या विक्रीबद्दल गोंझागांना बोल लावायची रीतच आहे. मला तसं वाटत नाही. 1630 च्या जुलैत पवित्र रोमन सम्राटाच्या फौजांनी मांतुआ लुटलं; विकलेली चित्रं तरी त्यातून वाचली.

हलवता येण्यासारखं नव्हतं ते मात्र राहिलं. राजवाड्यातल्या किल्ल्याच्या बुरुजात मांतेन्याने 1465 ते 1474 या काळात रंगवलेली एक चौकोनी खोली आहे. लुदोविको गोंझागा हातात पत्र घेऊन शेजारी वाकलेल्या माणसाशी काही बोलतो आहे, खुर्चीखाली त्याचा कुत्रा विसावलाय, आणि बाकीचा सारा गोतावळा ताटकळतो आहे. त्या घोळक्यातली एक ठेंगणी बाई तेवढी थेट आपल्याकडे बघते, जणू आपण न विचारता आत शिरलो आहोत. छतावर रंगवलेला एक गोल झरोका आहे, त्यात निळं आभाळ. कठड्यावरून बायका हसत खाली डोकावतात. तिथेच एक जड कुंडी आडव्या दांड्यावर टेकवली आहे. दांडा जरा सरकला की ती थेट खाली. चाकरीतल्या चित्रकाराने धन्याच्या डोक्यावर टांगती कुंडी ठेवावी आणि धन्याने ती ठेवू द्यावी, यात मला त्या दरबाराची खरी श्रीमंती दिसते.

कॅनव्हासच्या नशिबी असा आसरा नव्हता. रुबेन्सने साऱ्या गोंझागा कुटुंबाला ट्रिनिटीपुढे हात जोडून बसवलेलं एक प्रचंड चित्र इथल्या चर्चसाठी केलं होतं. नेपोलियनच्या काळात, शहर फ्रेंचांच्या ताब्यात असताना, ते कापून त्याचे तुकडे केले गेले. मधला भाग जुळवून राजवाड्यात लावला आहे. कडेची मुलं ठिकठिकाणी पांगली. त्यांतला एक मुलगा व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे: दुसरा व्हिन्चेन्झो, ज्याने पुढे ड्यूक झाल्यावर चार्ल्सशी तो सौदा केला.